शापूरची तळी

आमच्या देवळाच्या तळीला आतून सिमेंटचा गिलावा करून वर फरशा बसवाव्यात, असा ठराव ज्या सभेत झाला त्या सभेस आम्ही हजर होतो. नुसते हजर होतो असे नव्हे. ठराव मांडणाऱ्या गृहस्थांना अनुमोदन आम्हीच दिले. ही गोष्ट आरंभीच सांगून टाकलेली बरी. नाही तर पुढील मजकूर वाचताना, हा लेखक इतरांना शहाणपण शिकवावयास बसला आहे, असा समज व्हावयाचा. गाव कोणते, देवस्थान कोणते, हे सांगण्याचे कारण नाही. अंत्रुज महालातील कोणत्याही गावाचे नाव तेथे घातले तरी हकिकतीत फारसा फरक पडणार नाही.

तळी तशी लहानच. चारही बाजूंनी जांभ्याच्या चिऱ्यांची बांधणी, उतरावयास पायऱ्या, काठावर दोन माड आणि एक जुना सुरंगीचा वृक्ष. देवदर्शनाला येणारा मनुष्य प्रथम तेथे पाय धूत असे, आणि आमच्या आजीच्या पिढीतील बायका अभिषेकाचे पाणीही तेथूनच नेत असत. परंतु अलीकडे दोन ठिकाणचे चिरे निसटले होते. पायऱ्यांवर शेवाळ चढे आणि एका श्रावणी सोमवारी एका वयस्क बाईंचा पाय त्यावरून घसरून हाड मोडले. तेव्हा काहीतरी करणे भाग होते, यात शंका नाही. मुंबईकर महाजनांनी देणगी दिली, ठेकेदार मिळाला आणि दोन महिन्यांत काम पुरे झाले. निळ्या फरशांमुळे पाणी आकाशासारखे निळे दिसू लागले. उद्घाटनाच्या छायाचित्रात आम्ही पहिल्या रांगेत उभे आहोत.

पहिला पावसाळा सुखाने गेला. दुसऱ्या पावसाळ्यात, आषाढाच्या मध्यावर, पूर्वेकडील भिंतीने पोट काढले. हातभर जागेतील फरशा निखळून पडल्या आणि मागील सिमेंटला वरपासून खालपर्यंत चीर गेली. त्याहून चमत्कारिक गोष्ट चैत्रात दिसून आली. ज्या तळीत पूर्वी वैशाखअखेरपर्यंत कमरेइतके पाणी राही, ती गुढीपाडव्यालाच गुडघ्यावर आली होती. जे राहिले होते त्याला वास येऊ लागला, आणि पिढ्यानुपिढ्या ज्यांना चुरमुरे घालीत आलो ते मासे एका सकाळी पालथे तरंगताना दिसले.

गावात एक वृद्ध गवंडी आहेत. चिरा घडविण्यात त्यांची हयात गेली. सभेने ठेका दिला तेव्हा त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि त्यांनीही आपण होऊन काही म्हटले नव्हते. आता आम्ही त्यांना मुद्दाम बोलावून भिंत दाखविली. त्यांनी चिरेत बोट घातले, ओले बोट आमच्यापुढे धरले आणि म्हणाले, "बाब, उदकाक वाट जाय. तुमी दिली ना जाल्यार तें आपूण करता." थोडे थांबून त्यांनी विचारले, "शापूरचे मशिदीची तळी पळयल्या तुमी? एक फावट वचून पळयात."

आम्ही ती पाहिली होती असे म्हणणे खोटे ठरले नसते. फोंडा शहरापासून सुमारे दोन किलोमीटरवर, रस्त्यालगत उभी असलेली सफा मशीद अंत्रुजातील कोणी पाहिलेली नाही? पणजीला जाता-येता बसच्या खिडकीतून तिचे लाल छप्पर डोळ्यांवरून सरकून गेलेले असते. पण थांबून, उतरून, जवळ जाऊन पाहण्याचा प्रसंग आमच्या साठ-पासष्ट वर्षांच्या आयुष्यात आला नव्हता. देवळांच्या गावात वाढलेल्या मनुष्याची पावले कोठे वळतात आणि कोठे वळत नाहीत, हे फार लहानपणी ठरून जाते. त्याला कोणी मनाई केलेली नसते, एवढेच.

भाद्रपदात, चतुर्थी आटोपल्यावर, एका उघाडीच्या दुपारी आम्ही गेलो. मशिदीची इमारत पाहून प्रथम आश्चर्य वाटले ते तिच्या लहानपणाचे. उंच जोते, वर चढावयास पायऱ्या आणि जोत्यावर एकच आयताकृती दालन. भिंतींच्या बाहेरच्या अंगाला टोकदार कमानींची नक्षी आहे, तीही साधी. घुमट नाही. त्याच्या जागी आपल्या घरांवर असते तसेच उतरते कौलारू छप्पर. दालनाच्या भोवती जोत्यावर अष्टकोनी खांबांचे चिरेबंदी बुंधे ओळीने उभे आहेत. काही कमरेइतके, काही त्याहून आखूड. एके काळी दालनाला चहूबाजूंनी ओवरी असली पाहिजे, असे ते बुंधे सांगतात. ती ओवरी गेली, तिचे छप्पर गेले, खांबांचे मात्र पाय जागच्या जागी राहिले आहेत. त्या खांबांवर पुन्हा काही उभारण्याचा मोह कोणाला झालेला नाही, हे पाहून आम्हांस प्रथम हळहळ वाटली आणि मग, आमच्या निळ्या फरशा आठवून, बरे वाटले.

नमाजाची वेळ होत आली होती. चार-सहा मंडळी पायऱ्या चढत होती. त्यांतील एका वयस्क गृहस्थांनी आम्हांस पाहून, कोणाची चौकशी आहे काय, असे विचारले. आम्ही सांगितले की, तळी पाहावयास आलो आहोत. त्यांना त्याचे नवल वाटलेले दिसले नाही. हाताने दिशा दाखवून ते आत गेले. आम्ही बाहेरच राहिलो. नमाज पढणारे पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिले, तेव्हा सहज एक गोष्ट मनात आली. पूर्वाभिमुख देवासमोर आम्ही उभे राहतो तेव्हा आमचेही तोंड पश्चिमेकडेच असते. यातून काही तत्त्व काढावयाचे नाही. दिशा दोन्ही ठिकाणी तीच होती, एवढेच.

तळी मशिदीच्या बाजूलाच आहे आणि इमारतीच्या मानाने ती फारच मोठी आहे. नमाजापूर्वी हातपाय धुण्याची जी रीत आहे तिच्यासाठी पाणी हवेच. पण केवळ तेवढ्यासाठी कोणी एवढा व्याप केला नसता. सर्व बांधणी जांभ्याची. भिंतींत टोकदार कमानींचे कोनाडे आणि लहान-लहान कोठड्या काढलेल्या आहेत. मशिदीच्या आत पश्चिमेच्या भिंतीत जी मेहराब असते तिचाच आकार येथे पाण्याच्या काठाने फिरविलेला आहे. आम्ही पायऱ्यांवर बसून राहिलो. पाऊस थांबून तास-दीड तास झाला होता, तरी समोरच्या कोनाड्यांच्या आतून, दोन चिऱ्यांमधील दरजांतून, पाणी बारीक धारेने झिरपत होते. कोनाड्याकोनाड्यातून निघून ते भिंतीवरून ओघळत तळीत उतरत होते. मागच्या उंच जमिनीत मुरलेले पाणी भिंतीशी भांडत नव्हते. त्याला वाट होती. गवंडीबुवांनी आम्हांस एवढ्या लांब का पाठविले, ते तेव्हा कळले.

जांभा हा दगड आपल्या रोजच्या ओळखीचा, म्हणूनच त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. फ्रान्सिस ब्युकॅनन या स्कॉटिश प्रवाशाने मलबारात तो पाहिला आणि १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात लॅटिन भाषेतील विटेच्या नावावरून त्याला 'लॅटराइट' असे नाव दिले. नाव अचूक आहे. खाणीतून काढताना हा दगड इतका मऊ असतो की, पात्याने विटेसारखा कापता येतो. वाऱ्या-उन्हात राहिला म्हणजे त्यातील लोहाचा अंश घट्ट होऊन तो टणक बनतो. परंतु त्याच्या अंगची छिद्रे जात नाहीत. पावसाळ्यात तो पाणी पितो, पावसाळा सरल्यावर ते सोडतो. जुने गवंडी हे जाणून होते, म्हणून ते चुन्याने काम करीत. गोव्यात हा चुना बहुधा शिंपल्यांचा असे. भट्टीत भाजून, घाणीत मळून, दिवसच्या दिवस मुरवून तो वापरीत. चुना दगडाइतकाच, किंबहुना दगडाहून थोडा अधिक, सच्छिद्र असतो. आतील ओल त्यातून बाहेर पडते; क्षार बाहेर येऊन झडतात ते चुन्यात झडतात, चिऱ्यात झडत नाहीत. काही वर्षांनी दरजा मोकळ्या झाल्या की, त्या पुन्हा भरावयाच्या. म्हणजे झीज व्हावयाची ती स्वस्त वस्तूची व्हावी, महाग वस्तूची होऊ नये, अशी ती योजना होती. सिमेंटचे सगळे उलट. ते दगडाहून कठीण आणि पाण्याला अभेद्य. भिंतीत शिरलेले पाणी त्याच्यामागे अडकते, साचते, भार टाकते, आणि मग एक तर सिमेंट फुटते किंवा आतल्या आत चिऱ्याचा भुगा होतो. आमच्या तळीत पाणी कमी का झाले याचेही उत्तर यातच होते. तळी भरत असे ती केवळ वरून पडणाऱ्या पावसाने नव्हे. आजूबाजूच्या डोंगरउतारात मुरलेले पाणी भिंतींतून महिनोन्महिने तिच्यात उतरत असे. ते दार आम्ही फरशा लावून बंद केले होते.

छपराचीही कथा अशीच आहे. विजापुरास ज्यांनी जुम्मा मशीद पाहिली असेल त्यांना तिचा तो भव्य घुमट आठवेल. ती बांधणारा पहिला अली आदिलशहा. शापूरची मशीद १५६० सालची म्हणतात, म्हणजे त्याच्याच कारकिर्दीतील. काही पुस्तकांतून ती इब्राहिम आदिलशहाने बांधल्याचे लिहिलेले आढळते. परंतु पहिला इब्राहिम १५५८ मध्येच वारला आणि दुसरा १५८० मध्ये गादीवर आला, तेव्हा १५६० हे साल धरले तर श्रेय अलीकडेच जाते. असो. मुद्दा असा की, घुमट बांधण्याची विद्या ज्या दरबाराच्या हाताशी होती, त्याच दरबाराच्या अमलात फोंड्यास घुमटावाचून मशीद उभी राहिली. विजापुरास वर्षाकाठी पंचवीस इंच पाऊस पडला तर लोक देवाचे आभार मानतात. आमच्याकडे शंभर इंचांच्या वर पडतो. ज्या कोणी ही इमारत रचली त्याने येथील सुताराला आणि गवंड्याला विचारले असले पाहिजे; आणि त्यांनी सांगितले असेल की, येथे आढे, वासे आणि कौले यांवाचून दुसरे काही टिकणार नाही. आज दिसणारी कौले मूळची असणे शक्यच नाही. आपल्या किनाऱ्यावर चपट्या मंगळुरी कौलांचे कारखाने निघाले ते १८६५ पासून. त्यापूर्वी कुंभाराचे नळे असत. वासे तर किती वेळा बदलले असतील कोण जाणे. तरीही इमारत तीच आहे, कारण दर पावसाळ्यापूर्वी कौले परतावयाची, कुजलेला वासा काढून नवा घालावयाचा, हा तिच्या मूळ रचनेचाच भाग आहे.

हे सगळे मनात घेऊन आम्ही पुढच्या सभेस गेलो आणि पूर्वेकडील भिंतीचे सिमेंट काढून टाकण्याची सूचना मांडली. उदाहरण म्हणून शापूरच्या तळीचे नाव घेतले. तेव्हा एक महाजन उठून म्हणाले, "तळीचें काम शिकपाक आमी मशिदींत वचपाचें?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. विचारणारे गृहस्थ आमचे बालमित्र. त्यांच्या घराण्याने आपला कुलदेव नदीपलीकडून आणलेला. ती हकिकत त्यांच्या घरी आजही तिथीवार सांगितली जाते. देऊळ पाडल्याचे दुःख ज्या घरात साडेचारशे वर्षे जपले गेले, त्या घरातील मनुष्याने परधर्मीयांच्या वास्तूविषयी सावधपणे बोलावे, यात अस्वाभाविक काही नाही. म्हणून आम्ही त्यांना सभेत उत्तर दिले नाही. सभेनंतर अग्रशाळेच्या पडवीत बसून जे बोललो ते येथे लिहितो.

तिसवाडीतील देवळे पोर्तुगीजांनी १५४० मध्ये पाडली, सासष्टीतील १५६७ मध्ये. श्रीमंगेशाचे लिंग कुशस्थळीहून अघनाशिनी ओलांडून प्रियोळास आले ते १५६० साली. त्याच साली गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली, आणि शापूरच्या मशिदीचे सालही तेच. श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली, श्रीम्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास. आपले देव ज्या भूमीत आले ती भूमी त्या वेळी कोणाची होती? पुष्कळ ठिकाणी असे लिहिलेले असते की, फोंड्यावर तेव्हा सोंद्याच्या हिंदू राजांचा अंमल होता. तो पुढे आला. १५६० मध्ये अंत्रुज महाल आदिलशाहीत होता, आणि फोंड्याचा किल्ला विजापूरकरांच्या हातून शिवछत्रपतींनी घेतला तो १६७५ मध्ये. आदिलशाही सुलतान सर्वधर्मसमभावाचे पुतळे होते, असा आमचा दावा नाही. राज्यकर्ते राज्यकर्त्यांसारखेच वागतात. परंतु रात्रीच्या अंधारात डोक्यावर देव घेऊन नदी उतरलेल्या माणसांना अलीकडच्या काठावर कोणी अडविले नाही, आणि त्यांना येथे देव ठेवता आले, ही घडलेली गोष्ट आहे.

दुसरीही एक गोष्ट आहे. अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतले तेव्हा प्रथम कापले गेले ते तेथील मुसलमान. आदिलशहाच्या जुन्या गोव्यातील वाड्याचा एक दरवाजा आज सेंट काजेतान चर्चच्या आवारात उभा आहे; बाकी सर्व गेले. शापूरची मशीद राहिली, कारण ती नदीच्या या बाजूला होती. पोर्तुगीजांनी फोंडे काबीज केले ते १७६३ मध्ये, आणि तोपर्यंत देवळे-मशिदी पाडण्याचा त्यांचा पहिला आवेश ओसरला होता. म्हणजे ज्या सरहद्दीने आपले देव वाचविले तिनेच ही मशीद वाचविली. आमचे मित्र हे ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरें, पूण नागेशाची तळी कित्याक न्हय?"

त्यांचे म्हणणे रास्त होते. बांदिवड्याचा श्रीनागेश कोठून स्थलांतरित होऊन आलेला नाही. तेथील शिलालेख १४१३ सालचा, विजयनगरच्या अमदानीतील. मशीद उभी राहण्याच्या दीडशे वर्षे आधीचा. तेव्हा एका रविवारी आम्ही दोघेही निघालो. प्रथम बांदिवड्यास गेलो. देवापुढे उभे राहून मग तळीच्या पायऱ्या उतरलो. नागेशाच्या तळीचे वर्णन या मासिकाच्या वाचकांस करावयाचे म्हणजे घरच्या तुळशीवृंदावनाचे वर्णन केल्यासारखे होईल. माडांची सावली पाण्यात, मासे पायांशी, आणि चिऱ्यांवर शेवाळाची काळी-हिरवी पुटे. आमच्या मित्रांनी वाकून दोन चिऱ्यांमधील दरज नखाने खरवडली आणि बोटावर आलेला पांढरा भुगा मला दाखविला. नंतर आम्ही शापूरला गेलो. अंतर थोडेच. तेथेही ते पायऱ्या उतरले, वाकले आणि तसेच दरजेवरून नख फिरविले. मग त्यांनी काठीने चिऱ्याची लांबी मोजली. वर येऊन, चपला घालता-घालता, ते एवढेच म्हणाले की, काम करणारे हात बहुधा याच गावचे असावेत. आम्हांसही तसेच वाटते. सुलतान विजापुरास होता, राया विजयनगरास होता; चिरा घडविणारा येथेच होता आणि दोघांकडेही तोच गेला.

पुढे त्याच्या वंशजांनी आपल्या देवळांवर घुमट चढविले. कवळ्याचे आजचे देऊळ शाहू छत्रपतींच्या काळात, नारोराम मंत्र्यांच्या पुढाकाराने उभे राहिले. त्या शतकातील आमच्या देवळांवरचे घुमट, त्यांखालील अष्टकोनी बैठकी, कमानीच्या खिडक्या पाहून कलेचे अभ्यासक कधी विजापूरचे तर कधी जुन्या गोव्यातील चर्चचे नाव घेतात. घुमटाखालीही कौलारू पाखी पसरलेली असतात, ती मात्र कोणाकडून घेतलेली नाहीत.

आता थोडे जीर्णोद्धाराविषयी. हा शब्द आपल्याकडे फार जुना आणि फार पवित्र आहे. अग्निपुराणात त्याविषयी स्वतंत्र विवेचन आहे, आणि भग्न देवालयाचा उद्धार करणाऱ्यास नवे बांधणाऱ्याहून अधिक पुण्य लागते, अशी आपली परंपरागत समजूत. पण गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत या एका शब्दाखाली आपण काय काय केले, त्याची यादी कोणी केली तर ती वाचवणार नाही. सागवानी कोरीव खांब काढून काँक्रीटचे खांब घातले. लाकडी तुळयांवरील रंगकाम पुसून तैलरंग दिला. चुन्याच्या गिलाव्यावरील जुन्या रेखाटनांवर चकचकीत फरशा आल्या. कौले उतरवून स्लॅब घातला, आणि स्लॅब गळू लागल्यावर त्यावर पत्रे घातले. हे कोणी शत्रूने येऊन केले नाही. भक्तीने, देणग्या गोळा करून, सभांत ठराव करून, आम्ही केले. प्रत्येक वेळी कारण चांगले होते. आमच्या तळीच्या वेळीही चांगलेच होते.

शापूरच्या मशिदीला या भक्तीपासून एका कोरड्या कायद्याने संरक्षण दिले आहे. ती राष्ट्रीय महत्त्वाची वास्तू म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. १९५८ च्या कायद्यान्वये अशा वास्तूत पूजा-प्रार्थना चालू असेल तर ती चालू राहते, परंतु तिच्या स्वरूपाशी विसंगत असा उपयोग करता येत नाही. २०१० मध्ये केलेल्या दुरुस्तीने संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आली, आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगीवाचून काही करता येत नाही. या कायद्याचा जाच होतो, हे खरे. ज्यांचे घर त्या शंभर मीटरांत येते त्यांना विचारावे. नमाजाला येणाऱ्यांनाही आपल्या सोयीने एखादी पडवी वाढविता येत नाही. आणि सरकारी खात्याची दुरुस्ती सरकारी वेगाने होते. देवळाचा कारभार एखाद्या खात्याने चालवावा, अशी इच्छा आम्ही कधीही करणार नाही. देवाचे घर त्याच्या माणसांनीच सांभाळले पाहिजे. परंतु त्या अष्टकोनी बुंध्यांकडे पाहताना एक विचार मनातून जाईना. तेथे कोणाला काही हलविण्यापूर्वी विचारावे लागते. आम्हांला कोणाला विचारावे लागले नाही, आणि ज्याला विचारावयास हवे होते तो गवंडी गावातच होता.

जपणे म्हणजे हात न लावणे, असेही नाही. चिऱ्यांच्या फटीत पिंपळाचे किंवा उंबराचे बी पक्ष्याने टाकले की, दोन पावसाळ्यांत मुळे भिंत उकलतात. ती रोपे कोवळी असतानाच मुळासकट काढावी लागतात. नुसती छाटली तर दुप्पट जोमाने फुटतात. जोत्यावरील पाणी भिंतीच्या पायथ्याशी साचू न देता दूर न्यावे लागते. फुटके कौल त्याच वर्षी बदलावे लागते, कारण एका कौलाच्या आळसाने वासा जातो आणि वाशाच्या आळसाने भिंत. दरजा भरावयाच्या त्या चुन्यानेच. ही कामे लहान, कंटाळवाणी आणि देणगीदाराचे नाव कोरता येणार नाही अशी आहेत. संगमरवरी फरशीवर नाव कोरता येते. परतलेल्या कौलावर कोणाचे नाव घालणार?

आमच्या सूचनेचे काय झाले ते सांगून लेख पुरा करतो. दुसऱ्या सभेत आमच्या मित्रांनीच ती पुन्हा मांडली. शापूरचे नाव त्यांनी घेतले, नागेशाचेही घेतले. चर्चा पुष्कळ झाली. एवढा खर्च करून लावलेल्या फरशा काढावयाच्या तर देणगीदारांना काय सांगावे, हा प्रश्न सर्वांत अवघड ठरला, आणि तो सुटला नाही. शेवटी मार्ग निघाला तो असा की, पूर्वेची भिंत नाही तरी फुटलेलीच आहे, तेवढ्याच बाजूच्या फरशा काढाव्या. बाकीच्या तीन बाजू पुढे पाहू.

वैशाखात काम सुरू झाले. गवंडीबुवांना आता छिन्नी फार वेळ धरवत नाही. काठावर खुर्ची टाकून ते बसत आणि नातवाला सांगत. सिमेंटचा थर निघाला तेव्हा मागील पुष्कळ चिरे भुगा होऊन हातात आले. तेवढे नवे घालावे लागले. उरलेल्यांवर मात्र जुन्या छिन्नीचे तिरपे घाव अजून दिसत होते. शिंपल्यांचा चुना आता जवळपास मिळत नाही. तो मिळविण्यात तीन आठवडे गेले आणि मृगाचा पहिला पाऊस आला तेव्हा वरच्या दोन थरांच्या दरजा भरावयाच्या राहिल्याच होत्या.

पाऊस धरून आठवडा झाला असेल. सकाळी आम्ही तळीवर गेलो. तिन्ही बाजूंच्या निळ्या फरशांवरून पावसाचे पाणी सरळ घसरत होते. पूर्वेच्या भिंतीला, खालून चौथ्या थराच्या दरजेत, एक थेंब जमत होता, सुटत होता, पुन्हा जमत होता. बाकीच्या तीन बाजूंचा विषय कार्तिकातील सभेच्या कार्यपत्रिकेवर आहे.